अकरावी रेघ

पेपरात तिच्यावर काही छापून आलं की आमच्या घरात तो पेपर सगळ्यांत आधी मी वाचते आणि मग त्याच्यावर मेथी निवडते. मुद्दाम. 'ग्रामीण भागातली पहिली महिला डॉक्युमेंटरी छायाचित्रकार' असं काहीतरी लांबलचक लिहिलेलं असतं, शेजारी तिचा फोटो, केस पिकलेले, गळ्यात कॅमेरा. मी त्यावर काड्या टाकत जाते. पहिली म्हणे! शिरूरच्या ज्या स्टुडिओत ती कॅमेरा धरायला शिकली तो माझ्या बापाचा होता, आणि तिच्याआधी चार वर्षं तिथं मी बसत होते. फक्त मी कॅमेऱ्याच्या मागं नव्हते, टचिंगच्या डेस्कावर होते.

टचिंग म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. उतरतं लाकडी डेस्क, त्याच्या मधोमध दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर यायचा. धुवून सुकलेली निगेटिव्ह त्या काचेवर ठेवायची, कापसानं तिच्यावर एक चिकट औषध फिरवायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा मारायच्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. माणसाच्या गालावरचा काळा डाग तिथं पांढरा, आरपार दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की छापलेल्या फोटोतून डाग गेला. देवीचे वण, पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं, कपाळाच्या आठ्या, सगळं मी भरून टाकायचे. मुलाकडच्यांना दाखवायला जे फोटो जायचे ना, ते तर सगळे माझ्या हाताखालून जायचे. तालुक्यातल्या कितीतरी पोरी माझ्या पेन्सिलीनं उजवल्या, आणि त्यातल्या एकीनंही मला लग्नाला बोलावलं नाही.

रेघ चुकली तर कापसाला टर्पेंटाइन लावायचं आणि पाटी पुसावी तसं पुसून टाकायचं. निगेटिव्हला काही होत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्या दिवशी माझ्या हातात पेन्सिल दिलीच नाही. टर्पेंटाइनची बाटली दिली. "आधी पुसायचं शीक," म्हणाले. आठवडाभर मी नुसती पुसत होते.

ती आली बारावीच्या फॉर्मला फोटो काढायला. कवठे येमाईची. आजोबा अजून मेंढरांमागं फिरायचे, वडिलांनी मेंढरं विकून शेती धरलेली. शिकायला शिरूरला मावशीकडं राहायची. मी त्याच वर्गात होते, पण तोवर आमचं बोलणं नव्हतं. आप्पांचा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा. आप्पा वाकले, म्हणाले, "हलू नगंस." तर ही म्हणते, "मी न्हाई हलत, पर तुम्ही खाली का बघताय? मी तर समोर हाय!"

झालं. आमच्या आप्पांना कुणी प्रश्न विचारला की ते विरघळायचे. तिला बोलावून त्यांनी काचेत बघायला लावलं. "अय्या, डावं उजवीकडं गेलंय," ती म्हणाली. मग भिंग काय, आरसा काय, उजेड कसा वळतो, अर्धा तास शिकवणी. बाहेर बाकावर गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी डेस्कावरून बघत होते. चार वर्षांत मी आप्पांना एक प्रश्न विचारला नव्हता. सांगतील तसं मुकाट करायचं, ही माझी हुशारी समजत होते मी.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेज सुटल्यावर आली, तिसऱ्या दिवशीही आली. महिन्याभरात आप्पांनी तिच्या गळ्यात कॅमेरा अडकवून तिला हळदीला धाडलं. बायकांच्या हळदीत पुरुष फोटोग्राफर दारात उभा राहायचा, आणि बायका पदर तोंडावर ओढून बसायच्या. ही आत शिरली. गाणी म्हणणाऱ्या, पोट धरून हसणाऱ्या, एकमेकींच्या तोंडाला हळद फासणाऱ्या बायकांचे असे फोटो आणले, की रोल धुताना आप्पा डार्करूममधून ओरडले, "इकडं ये, बघ, बघ!" मला बोलावलं होतं, तिचं काम बघायला.

तिला टचिंग शिकवायचाही घाट आप्पांनी घातला होता. ही दहा मिनिटांत कंटाळली. "मेलं काय बाई, गिरवत बसायचं," म्हणाली आणि उठली. आप्पा रागावले नाहीत, उलट हसले. मग त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं आणि जे वाक्य बोलले ते माझ्या काळजात अजून रुतून बसलंय. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हात हिचा." तिच्याकडं बोट करून म्हणाले, "डोळा तिचा. दोघी मिळून माझा एक फोटोग्राफर झाला." ती खूश झाली. टाळीच दिली तिनं मला. मीही दिली. आतून माझी लाही लाही होत होती. हात काय, तो भांडी घासायलाही लागतो.

पुढं ती पुण्याला फोटोग्राफीच्या कोर्सला गेली. आप्पांनी आपला जुना कॅमेरा तिला वापरायला दिला. माझं लग्न झालं, दौंडला. आमचे हे रेल्वेत, क्वार्टर मिळालेलं. टचिंगचं डेस्क मी माहेराहून हक्कानं घेऊन आले, घरात खिडकीपाशी मांडलं, आणि स्टेशनाजवळ एका गाळ्यात पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ टाकला. आप्पा शिरूरहून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर अवघड निगेटिव्ह टचिंगला पाठवायचे. ते पाकीट आलं की मी दिवसभर गुणगुणत असायचे. आप्पांचं माझ्यावाचून अडतं, याचं सुख होतं मला.

आणि ती? ती कधी इकडं, कधी तिकडं. आजोबांच्या मेंढरांबरोबर ती दोन महिने कोकणाच्या वाटेनं चालली. त्या फोटोंवर पुण्यात तिचं पहिलं प्रदर्शन झालं. मग सणसवाडीच्या खोल्यांमध्ये राहिली, बिहारकडून, मराठवाड्याकडून आलेल्या कंपनीतल्या बायकांबरोबर, एका खोलीत सहा जणी. तिची पद्धत अशी, की दोन दिवस कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. भाकरी थापायची, पाणी भरायचं, पोरांची नाकं पुसायची. तिसऱ्या दिवशी काढायचा, तोवर लोक तिला विसरलेले असायचे. रोलमध्ये फोटो बाराच, त्यामुळं उधळपट्टी नाही. मला हे सगळं माहीत, कारण तिचे रोल मीच धुवायचे. पुण्यात लॅब होत्या, पण ती दौंडला उतरायची. "तुझ्या हाताशिवाय मला भरवसा नाही गं," म्हणायची. गाडी थांबेल तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर रोल हातात कोंबायची, चहाचा एक घोट माझ्या कपातून घ्यायची आणि पळायची. मी घरी येऊन रोल धुवायचे, आणि एकेक फ्रेम ओली असतानाच उजेडापुढं धरून जळायचे. खोटं कशाला बोलू, फोटो चांगलेच असायचे.

त्या दिवशीही ती अशीच उतरली. पण चेहरा वेगळा होता. म्हणाली, "यातली बारावी फ्रेम जिवापाड जप. शेवटचीच होती, रोल संपला, दुसरी नाही माझ्याकडं. मोठी छाप, लेख या पाकिटात आहे, त्यात घाल आणि आजच पोस्टात टाक. मासिकाची शेवटची तारीख आहे, मला वाटेत थांबता येणार नाही." मी बरं म्हटलं. गाडी हलली. दाराच्या दांड्याला धरून ती ओरडली, "अगं, सांगायचंच राहिलं! आप्पांनी कॅमेरा मला कायमचा दिला! म्हणाले, आता तो तुझ्याच गळ्यात शोभतो!"

गाडी गेली. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी. आप्पांच्या कॅमेऱ्याचा चामड्याचा पट्टा लहानपणी मी तेल लावून पुसायचे. एकदा तरी मला विचारायचं. घेतला नसता मी, पण विचारायचं तरी!

दुपारी रोल धुतला, सुकवला, बारावी फ्रेम काचेवर ठेवली. खुर्चीत बसलेली बाई, मागं ग्रामपंचायतीचा बोर्ड. डोक्यावर पदर, पण चेहरा उघडा, सरळ समोर बघणारा. डाव्या गालावर मोठा डाग. आणि माझी पेन्सिल सुरू झाली. खरंच सुरू झाली. बाईचा चेहरा, त्यावर डाग, मग तो भरायचा, हे दहा-बारा वर्षं हाताला लागलेलं वळण. पहिल्या दहा रेघा त्या वळणाच्या होत्या, हे मी देवापुढं सांगीन.

मग मला डागाची कड दिसली. देवीचा वण असा नसतो. लांबट चार पट्टे, शेजारी शेजारी. बोटं होती ती.

मी पेन्सिल खाली ठेवली, पाकीट उघडून लेख वाचला. बायकांना राखीव जागा नुकत्या आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. बाई आमच्याच शिरूर तालुक्यातल्या एका गावची सरपंच. नवरा म्हणाला, ठरावावर सही कर. ती म्हणाली, वाचल्याशिवाय करणार नाही. त्यानं सकाळी तिला मारलं. ती तोंड धुऊन तशीच ग्रामपंचायतीत जाऊन खुर्चीत बसली आणि पदर मागं सारून आमच्या फोटोवालीला म्हणाली, "असाच काढ. चार दिसांनी काळंनिळं जाईल, मग कोण म्हणंल मारलं म्हनून?" एवढं सगळं मी वाचलं. लेखाखाली फोटो काढणारीचं नाव होतं. फोटो धुणारीचं, छापणारीचं नाव कधीच नसतं.

समोर टर्पेंटाइनची बाटली होती. दोन मिनिटांचं काम.

मी पेन्सिल उचलली आणि अकरावी रेघ मारली. मग बारावी. इतकं सुंदर टचिंग मी आयुष्यात केलं नव्हतं. गाल असा उतरवला की आप्पासुद्धा फसले असते. फोटो छापला, पाकिटात घातला, पोस्टात टाकून आले आणि घरी येऊन भात लावला.

महिन्याभरानं अंक निघाला. लेखात मार, आणि फोटोत गुळगुळीत तोंडाची सरपंचबाई, नवरीसारखी. संपादकांना वाटलं असेल, असाच फोटो आहे. नवऱ्यानं अंक गावभर फिरवला. चावडीवर, दूध डेअरीवर, सोसायटीत. "बघा बघा, कुठं लागलंय का हिला? त्या फोटोवालीनं पदरची गोष्ट लिवलीय!" लोक हसले. लेख लिहिणारी खोटारडी ठरली आणि बाई त्याहून खोटी.

ती दौंडला आली ती अंक घेऊनच. या वेळी गाडीतून उतरून घाईनं पळाली नाही, घरी आली. मी आधीच ठरवून ठेवलेलं बोलले, "हाताची सवय गं. बघितलंच नाही मी नीट." ती माझ्या पाटावर डोकं धरून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण ती म्हणाली, "चूक माझीच. तुला सांगायला हवं होतं." मग निगेटिव्ह उजेडात धरून तिनं विचारलं, "हे पुसता नाही का येत? पुन्हा छापायला लावीन मी. माफी मागून छापतील."

बाटली तिच्या पाठीमागच्या फळीवर होती. माझी नजर तिथं गेली आणि परत आली.

"निगेटिव्ह आहे ती," मी म्हणाले, "पाटी नाही."

तिनं मान हलवली. माझ्या हातावर भरवसा ना तिचा! निगेटिव्ह तिनं माझ्याच डेस्कावर ठेवली आणि चपला घालून गेली.

आठवड्यानं आप्पा आले. न कळवता, हे नवलच. खुर्चीत बसले, डेस्काकडं बघत राहिले. मग म्हणाले, "टर्पेंटाइन हाय का गं तुझ्याकडं?" मी म्हटलं, "हाय की. बाटली भरलेली हाय. पाहिजे का तुम्हाला?" "नको," म्हणाले. चहा घेतला, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच उठले. मला वाटलं, म्हातारपण. त्यानंतर आप्पांनी टचिंगचं एकही पाकीट पाठवलं नाही. एस.टी.चा ड्रायव्हर नुसता हात करून जायचा. मला काय वाटलं असेल? लाडकीचा फोटो बिघडवला म्हणून बापानं मला टाकलं. वर्षभर मी जळत राहिले. पुढं आप्पाच गेले. अंत्यविधीला ती माझ्यापेक्षा जास्त रडली, तेव्हाही मला राग आला.

तिचं काही अडलं नाही. दिल्लीत प्रदर्शन झालं, परदेशात झालं, फोटोंचं जाड पुस्तक निघालं. रोल दौंडला यायचे बंद झाले. मग रोलच बंद झाले, डिजिटल आलं. माझ्या गाळ्यातही कॉम्प्युटर आला, बटन दाबलं की डाग जातो. घरातलं टचिंगचं डेस्क मी तिथं नेलं आणि त्यावर प्रिंटर ठेवला.

आणि एका सकाळी दुकानात एक बाई आली, कसल्याशा फॉर्मला फोटो काढायला. लेकीकडं दौंडला राहायला आली होती. स्टुलावर बसली, पदर सावरला, सरळ समोर बघितलं. त्या बघण्यावरून मी तिला ओळखलं. फोटो काढला, स्क्रीनवर आणला, आणि गालावर तिला वय झाल्याचे दोन-चार डाग होते.

"ते काढू नका ताई," ती म्हणाली. "राहू द्या."

मी विचारलं, का.

"मागं एकदा माझा फोटो छापला व्हता. त्यात लईच चांगली दिसत व्हते." ती हसली. "मारलं व्हतं ओ मला तवा. आन् फोटोत कायबी न्हाई. नवरा दाखवायचा, लोक दाखवायचे. इतक्यांदा दाखवला, की शेवटी मलाच वाटाय लागलं, लागलंच न्हवतं का काय मला? वाचल्याबिगर सही करायची न्हाई म्हनत व्हते, ते बी सोडलं मग. दावील तिथं सही."

मी तिला म्हटलं, "मावशी, दुपारी परत याल का? फोटो जरा मोठा करून देते."

प्रिंटर उचलून खाली ठेवला. निगेटिव्ह इतकी वर्षं डेस्काच्या खणात पाकिटात होती. कापूस घेतला, टर्पेंटाइन लावलं. पेन्सिल दोन मिनिटांत निघाली. काळा कापूस मी वाटीत टाकला आणि काचेवर ती चार बोटं परत आली, जशीच्या तशी. जुना एन्लार्जर माळ्यावरून काढला, खिडकीला चादर लावली, उरलासुरला कागद शोधला आणि फोटो छापला.

दुपारी ती आली. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग तिनं आपला हात उचलून डाव्या गालाला लावला. "व्हय," म्हणाली. "हितंच." मी कोण, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. फोटो तिनं पदराखाली धरला आणि गेली.

संध्याकाळी मी पुण्याला आमच्या फोटोवालीला फोन लावला. सगळं बोलले. दहा रेघा, अकरावी रेघ, लेख वाचला होता तेही, बाटली फळीवर होती तेही.

"म्हणजे तेव्हाच पुसता आलं असतं," शेवटी ती म्हणाली.

"दोन मिनिटांत."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालाव्यात, मी तयार होते. पण ती म्हणाली, "त्या दिवशी तुझ्याकडून निघून मी थेट शिरूरला गेले होते. आप्पांना विचारायला. म्हटलं, तुम्ही तरी सांगा, टचिंग पुसता येतं का? त्यांनी आधी मला विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, ती नाही म्हणते. तर खाली बघून म्हणाले, 'ती न्हाई म्हणती ना? मग न्हाई पुसत.'"

माझ्या डोळ्यांपुढं ते खुर्चीत बसलेले आप्पा आले, डेस्काकडं बघत. टर्पेंटाइन हाय का गं तुझ्याकडं.

"माझ्याशी खोटं बोलले आप्पा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. मला वाटत होतं, त्यांना माझ्याइतकं..." आणि ती थांबली.

तो आवाज मी ओळखला. जगात दुसऱ्या कुणाला ओळखता आला नसता, पण मी उभं आयुष्य त्यात काढलंय. ती जळत होती. माझ्यावर! आणि मला एवढंच म्हणावंसं वाटलं, की घे गं बाई, आप्पांचं हे खोटंही तूच घे.